साडेदहाची रेघ

आमच्या बेळगावात एके काळी वाकड्या मानेचे गवंडी फार झाले होते. कुठं नवी भिंत उठत असेल तिथं पाच-सहा गडी असायचे, आणि भिंत बघायची वेळ आली की सगळे एकदम मान उजव्या खांद्यावर टाकून, डोळे बारीक करून उभे राहायचे. परगावचा एखादा इंजिनिअर आला तर त्याला वाटायचं, ह्या सगळ्यांच्या मानेत एकदम उसण कशी भरली? उसण वगैरे काही नव्हती. ते सगळे कल्लाप्पा मेस्त्रींच्या हाताखाली शिकलेले होते. मेस्त्री मान वाकडी करून बघतात आणि मेस्त्रींची भिंत कधी चुकत नाही, त्या अर्थी भिंत बघायची ती अशीच, असं त्या गड्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. थापी कशी धरायची, सिमेंट-वाळूचा माल किती पातळ करायचा, तशी मान किती वाकवायची हीसुद्धा त्यांच्यात एक शिकण्याची गोष्ट होती.

मेस्त्रींची मान वाकडी का, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. पुढच्या पंधरवड्यात ती खुशी पार उतरली.

आमचं चष्म्याचं दुकान होतं. म्हणजे आप्पांचं, माझ्या वडिलांचं. मिरजेला जाऊन मी कोर्स करून आले होते, आप्पांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून डोळे तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी सत्तावीस वर्षांची, लग्न न झालेली आणि जिभेची तिखट. बाईमाणूस डोळे तपासते म्हणून काही गिऱ्हाइकं दारातूनच परत जायची. जी बसायची ती आप्पांकडे बघत माझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची.

कल्लाप्पा मेस्त्री पहिल्यांदा आले ते डोळ्यांसाठी नव्हेच. दुकानाची पायरी खचली होती, ती बसवायला आले होते. उंच, काटक, पन्नाशीच्या पुढचे, डोक्याला सैल बांधलेला पटका. पायरीकडे बघायच्या आधी त्यांनी मान उजवीकडे टाकली आणि आमच्या पाटीकडे बघितलं.

"आक्का, पाटी उजवीकडनं खाली हाय."

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस मला आक्का म्हणत होता. मी म्हटलं, "पाटी गेली चार वर्षं तशीच आहे मेस्त्री, कुणाला काही वाटलं नाही."

"कुणाला दिसलं नसंल. दोन बोटं खाली हाय."

मी ईर्ष्येनं शिडी लावली आणि चौकटीपासून माप घेतलं. बरोबर दोन बोटं. पाटीवर वर मराठी आणि खाली कानडी, दोन्ही अक्षरं सारखीच घसरलेली होती. निदान ह्या बाबतीत तरी आमच्या भागात दोन्ही भाषांवर सारखाच अन्याय झाला होता. मेस्त्रींनी पाटी सरळ करून दिली, मग पायरी बसवली, आणि सगळ्यांत शेवटी पिशवीतून ओळंबा काढून पायरीच्या उभ्या दर्शनी बाजूला लावला. मी विचारलं, "आधी का नाही लावलात?"

"डोळ्याला विचारायचं, ओळंब्याला कळवायचं," ते म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यांचे गडी ते आपसात चहा पितानाही म्हणायचे. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते दाखवणारं, दोरीला बांधलेलं पितळी वजन, गवंड्याचा परमेश्वर. पण मेस्त्री त्याला परमेश्वरासारखं न वागवता तलाठ्यासारखं वागवायचे. काम झाल्यावर नोंद करायला बोलवायचं, एवढाच मान. तीस वर्षांत त्यांच्या डोळ्यात आणि ओळंब्यात एकदाही भांडण झालं नव्हतं, त्यामुळे ओळंब्याचीही तक्रार नसावी.

भिंत बांधून झाली की ते तिच्यावरून उलटा तळहात फिरवत. लहान मुलाच्या अंगात ताप आहे का बघतात तसा. वाकडी लावलेली तसबीर त्यांना सहन होत नसे. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी उठून देवाचे, नेत्यांचे, आज्या-पणज्यांचे फोटो सरळ करून यायचे. एकदा म्हणे एका लग्नात त्यांनी भटजींना थांबवून अंतरपाट सरळ धरायला लावला होता. हे मला गंगाक्कानं सांगितलं. गंगाक्का म्हणजे त्यांची बायको. नवऱ्याच्या प्रत्येक कामावर माल कालवायला असायची. माल तिच्या हातचाच लागे, दुसऱ्या कुणी कालवला तर मेस्त्री थापीनं ओळखायचे.

तीच त्यांना एके दिवशी दुकानात घेऊन आली. घेऊन आली म्हणजे दंडाला धरून आणलं. मेस्त्रींच्या कपाळावर उजव्या भुवईच्या वर मोठं टेंगूळ होतं, त्याला हळद लावलेली.

"ह्यांचं डोळं बघा बाय," गंगाक्का म्हणाली. "परांचीवरचा तिरका बांबू ह्यांस्नी दिसत न्हाई. ही दुसरी टैम हाय."

"बांबू मधी आलता," मेस्त्री म्हणाले.

"बांबू काय चालत आलता?"

परांची म्हणजे भिंतीला लागून बांबूंची बांधतात ती माची. तिचे उभे-आडवे बांबू हलू नयेत म्हणून त्यांच्यावर तिरके बांबू बांधतात. मेस्त्रींना उभे दिसत होते, आडवे दिसत होते, तिरक्यांतला एका बाजूला झुकलेला दिसत होता, आणि दुसऱ्या बाजूला झुकलेला नेमका दिसत नव्हता. आता खानापूरजवळ कौलांच्या एका भट्टीची चिमणी बांधायचं काम त्यांना मिळालं होतं. चौकोनी, विटांची, चाळीस फुटांची. आतापर्यंत कपाळावर भागलं होतं. चाळीस फुटांवर बांबू दिसला नाही तर काय होईल, ह्या विचारानं गंगाक्काची झोप उडाली होती.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि भिंतीवरचं चक्र दाखवलं. घड्याळाच्या तबकडीसारखं असतं ते. मधून चहूबाजूंना काळ्या रेघा निघालेल्या, सगळ्या एकाच जाडीच्या.

"कुठली रेघ सगळ्यांत काळी दिसते?"

"दीडची," मेस्त्री लगेच म्हणाले. "दीडपासनं साडेसातपतूर. झकास काढल्या."

"आणि पुसट?"

"साडेधाची. तिथनं साडेचारपतूर. तिथं तुमचा पेंटर कंटाळला बघा."

"मेस्त्री, सगळ्या रेघा सारख्याच आहेत."

ते हसले. मग उठून चक्रापाशी गेले, साडेदहाच्या रेघेवरून बोट फिरवलं, परत खुर्चीवर येऊन बसले. मान उजवीकडे टाकली, डावीकडे टाकली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"मान वळीवली की पुसट रेघ सरकतीया," ते म्हणाले. "म्हंजे ती चक्रावर न्हाईच. माझ्या डोळ्यात हाय."

"हो. बुबुळ चेंडूसारखं गोल असावं लागतं. तुमचं एका बाजूनं जरासं दाबलेलं आहे. त्याला आम्ही तिरका नंबर म्हणतो."

"कवापासनं?"

"बहुतेक जन्मापासून."

"मला वाटलेलं दुनियाच अशी हाय," ते म्हणाले. "काय रेघा देवानं ठळक काढल्या, काय पुसट."

वाकड्या मानेचं कोडं मला तिथंच सुटलं. जी रेघ बघायची ती डोळ्यातल्या पुसट बाजूवरून ठळक बाजूकडे आणायची म्हणून लहानपणापासून ते मान टाकत आले होते, कुणी न शिकवता. डोळे बारीक केले की अजून थोडं स्पष्ट होई. आणि त्यांचे ठणठणीत डोळ्यांचे गडी ही त्यांची खोड विद्या म्हणून शिकले होते! मी इतकी हसले की आप्पांनी आतून विचारलं, काय झालं म्हणून.

चष्मा तयार झाला तो शनिवारी. शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस, आजूबाजूच्या गावांहून आलेल्या लोकांची दुकानात रीघ, आणि आप्पा संकेश्वरला एका लग्नाला गेलेले. मेस्त्रींनी चष्मा लावून चक्राकडे बघितलं.

"आली की ओ साडेधाची! पर लाजत लाजत आल्या."

ती अजून थोडी फिकीच दिसत होती, पण दिसत होती. दाराबाहेर पडताना, स्वतःच बसवलेल्या पायरीवरून उतरताना त्यांनी ओढा ओलांडावा तसा पाय उंच उचलला. दुकानातले सगळे हसले. मीही हसले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तिरका नंबर पहिल्यांदा देताना काय सांगायचं, हे आप्पांनी मला दहादा शिकवलं होतं. माणसाला दुकानात चार फेऱ्या मारायला लावायच्या. सांगायचं, की जमीन कलती दिसेल, भिंती झुकल्यासारख्या वाटतील, पायऱ्या जवळ आल्यासारख्या वाटतील, घाबरू नका. पंधरा दिवस चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत काढू नका, म्हणजे सगळं जागेवर बसेल. मी ह्यातलं एक अक्षरही बोलले नाही. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

पुढच्या आठवड्यात गंगाक्का एकटीच आली. तिनं पदराच्या गाठीतून चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"चोरून आणलाय. घ्या तुमचा तुम्हास्नी. माझ्या माणसाचं डोकं फिरवलासा."

तिनं सांगितलं ते असं. विटा रचताना चष्म्यावर माल उडतो म्हणून मेस्त्री काम करताना चष्मा काढून ठेवायचे. आठ-नऊ थर झाले की खाली उतरायचे, चष्मा लावायचे आणि लांब जाऊन बघायचे. बघितलं की चिमणी एका बाजूला कललेली. ओळंबा लावला तर तो सरळ म्हणायचा. पण तिकडं रानातून वारं जोराचं, वजन सारखं हलायचं. मेस्त्री म्हणाले, वाऱ्यानं ओळंबा फसवतोय. तीस वर्षं ज्या डोळ्यानं दगा दिला नाही तो, त्यात आता काचेची भर पडलेली. तो कसा चुकेल? त्यांनी नऊ थर उतरवले. परत रचले. परत लांब जाऊन बघितलं. परत कललेली. परत उतरवले. असं तीनदा झालं. गडी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सरळ चिमणी मेस्त्री का पाडतायत, हे विचारायची कुणाची छाती होईना. शेवटी भट्टीच्या मालकानंच सांगितलं, सोमवारपासून लोंढा गावचा दुसरा गवंडी येईल.

"त्ये झालं तर ह्यो माणूस परत थापी धरायचा न्हाई," गंगाक्का म्हणाली, आणि इतका वेळ भांडायच्या सुरात बोलणारी ती बाई रडायला लागली.

आप्पा आतून काठी टेकत आले. मला म्हणाले, "त्याला काय सांगितलं होतंस?"

"चष्मा घाला म्हटलं."

"आणि काढू नका म्हणालीस?"

मी काउंटरवरचा चष्मा पुसायला घेतला.

"चष्मा नाकावर बसतो बाई, पण मुरावा लागतो तो डोक्यात. लोणच्याची बरणी दर तासाला उघडून बघितलीस तर लोणचं मुरेल का?" आप्पा रागावले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "उद्या सकाळच्या गाडीनं जा तिच्याबरोबर."

लोंढ्याच्या पॅसेंजरनं आम्ही खानापूरला उतरलो. भट्टी गावाबाहेर होती. चिमणी लांबूनच दिसली, वीस-बावीस फूट उठलेली, आणि मला तरी अगदी सरळ दिसत होती. तिच्या बुडाशी विटांच्या चळतीवर मेस्त्री बसले होते. गडी थोडे लांब, मालक कौलांच्या ढिगाजवळ हाताची घडी घालून उभा. माणूस वाईट नव्हता. त्याला आपली भट्टी पेटवायची होती, एवढंच.

मी चष्मा मेस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी लावला, वर बघितलं.

"कलल्या," ते म्हणाले. "बघा की तुम्हीच."

"ओळंबा लावा मेस्त्री."

"वारं हाय."

"मग बादलीत सोडा की," गंगाक्का मागून म्हणाली. "हिरीच्या कामाला सोडलेलासा तसा. पोरास्नी तुम्हीच शिकीवलासा न्हवं?"

विहिरीच्या कामावरची गवंड्यांची ही जुनी रीत आहे. ओळंब्याचं वजन पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवलं की वाऱ्यानं ते हलत नाही. मेस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. पण ज्याला फक्त कळवायचं, त्याच्यासाठी बादली कोण भरतो? एका गड्यानं वर जाऊन दोरी सोडली, गंगाक्कानं बादली ठेवली. वजन पाण्यात स्थिर झालं. दोरी चिमणीच्या कडेला समांतर, वरपासून खालपर्यंत अंतर तेवढंच.

मेस्त्री दोरीकडे बघत राहिले. चष्मा काढला. लावला. परत काढला. परत लावला.

"दोरी बी वाकडी दिसतीया," ते शेवटी म्हणाले. मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "ओळंबा वाकडा असत न्हाई. दोरी वाकडी दिसली म्हंजे बघणारा वाकडा."

मला वाटलं, सुटलं एकदाचं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आक्का, मग तीस वर्सं मी बांधलो त्या भिंती? आमच्या गावच्या शाळंत पोरं बसत्यात."

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. चिमणी जाईल, नाव जाईल ह्या भीतीत मी होते. त्यांच्या मनात भिंतीखाली बसलेली पोरं होती. मी त्यांच्याशेजारी विटांवर बसले.

"शाळेला शेवटी ओळंबा लावला होतात?"

"लावलो."

"फरक निघाला?"

"न्हाई. कवाच न्हाई."

"मग भिंती सरळ आहेत. मेस्त्री, नीट ऐका. तुमचं बुबुळ लहानपणापासून चुकीचं दाखवत आलं. पण तुमच्या डोक्यानं ते गुपचूप दुरुस्त करून घेतलं, तुम्हाला न सांगता. डोळ्याला चुकीचं दिसलं तरी डोकं सरळच सांगायचं. आता तीच दुरुस्ती काचेनं केली, आणि डोक्याला कुणी कळवलंच नाही. ते बिचारं आपलं जुनं काम करत राहिलं. झुकलेल्या भिंतीला एकच टेकू पुरे असताना दोघांनी दोन टेकू दिले तर काय होईल?"

"पल्याड कलंल," एक गडी म्हणाला.

"तसंच झालंय. डोक्याला नवीन कायदा कळायला पंधरा दिवस लागतात, आणि चष्मा सारखा काढला-घातला तर कधीच कळत नाही. हे सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी आहे, मेस्त्रींची नाही." शेवटचं वाक्य मी मालकाला ऐकू जाईल असं म्हटलं.

मेस्त्रींच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. ते झटकन म्हणाले, "मग काढून टाकतो की काच. जुन्या डोळ्यानं चिमणी पुरी करतो."

"आनि बांबू?" गंगाक्कानं विचारलं. तिनं त्यांच्या कपाळावरच्या टेंगळाच्या खुणेला बोट लावलं.

मेस्त्रींनी वर परांचीकडे बघितलं. एकीकडे तीस वर्षांचा डोळा, दुसरीकडे चाळीस फुटांवरचा न दिसणारा बांबू. मग विचारलं, "पंधरा दिस म्हनालासा न्हवं?"

"पंधरा. उठल्यापासून झोपेपर्यंत. पहिले पाच दिवस परांचीवर चढायचं नाही."

"आनि तवर डोळ्याला?"

"तवर डोळ्याला काही विचारायचं नाही. सगळं ओळंब्याला विचारायचं."

मी असं बोलायला नको होतं का, असं मला बोलल्याबरोबर वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बादलीतल्या ओळंब्याकडे. "त्याचा बी मान हाय म्हना की," ते म्हणाले, आणि चष्म्याच्या काड्या कानामागे नीट बसवल्या. मालक तिकडून म्हणाला, "प्रत्येक थराला ओळंबा लागणार असेल, तर लोंढ्याच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवतो."

ते पंधरा दिवस मी बघितले नाहीत, गंगाक्काकडून ऐकले. पहिले दोन दिवस मेस्त्री नावेत उभं राहिल्यासारखे चालायचे. डोकं गरगरायचं. तिच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय शौचालाही जाता येत नव्हतं, आणि त्यापायी दोघांची रोज भांडणं. परांचीवर त्यांचे गडी थर लावत आणि मेस्त्री खाली बसून मुकाट बघत. भिंत वाकडी दिसायची, तोंडातून शब्द यायचा, आणि ते तोंडावर हात ठेवायचे. प्रत्येक थराला वरून गडी ओरडायचा, "ओळंबा बराबर, मेस्त्री!" आणि मेस्त्री खालून म्हणायचे, "बराबर असंल तर लाव फुडचा." सहाव्या दिवशी ते स्वतः वर चढले, आणि नव्यानं काम शिकणाऱ्या माणसासारखी वीटन् वीट दोरीला लावून बांधली. ज्यांना आपण शिकवलं त्यांच्यासमोर. मला हे जमलं असतं असं वाटत नाही.

चिमणी पुरी झाल्यावर ते एकटे दुकानात आले. पायरी चढले ती साधी, इतरांसारखी.

"आक्का, भुई बसली जाग्यावर."

"कधी?"

"बाराव्या दिशी. सकाळी च्या प्यायला चाललोतो. पायरी जिथं पायजे तिथं लागली. मान वर केलो तर चिमणी सरळ. कुनाला बोललो न्हाई. आदी बादली भरलो, ओळंबा सोडलो. मग डोळ्याला विचारलो. दोघं येकच बोलली." मग हसून म्हणाले, "आता गंमत बघा. चष्मा काढला की भुई दुसऱ्या अंगाला कलतीया. डोस्कं काच धरून चालाय लागलं."

आप्पा आतून म्हणाले, "मुरलं लोणचं."

मी त्यांना परत चक्रासमोर बसवलं. साडेदहाची रेघ आता चांगली दिसत होती, पण दीडच्या रेघेइतकी काळी ती झाली नाही. ती पुढंही झाली नाही. मी त्यांना खरं तेच सांगितलं. ज्या वयात डोकं रेघा ओळखायला शिकतं त्या वयात ती रेघ त्यांच्यापर्यंत नीट पोचलीच नव्हती. आता काचेनं पोचवली, तरी डोकं तिला पुरतं ओळखत नाही. "लहानपणीच काच मिळाली असती तर?" त्यांनी विचारलं. तर झाली असती, मी म्हटलं. ते वाक्य त्यांनी घरी नेलं, हे मला पुढच्या काही वर्षांत कळलं.

त्यांची मान हळूहळू सरळ झाली. गड्यांची झाली नाही. मेस्त्रींनी त्यांना सांगून बघितलं, "मान सरळ करा रं, ती माझी खोड हुती, इद्या न्हवं." तर एकजण म्हणाला, "आता सरळ मानंनं भित्तच दिसत न्हाई मेस्त्री." उद्यमबागेत कारखान्यांच्या शेडा उठत होत्या तेव्हा मी एकदा बसमधून बघितलं. भिंतीसमोर चार गडी माना टाकून उभे, आणि त्यांच्यामध्ये चष्मा लावलेला एकच म्हातारा, ताठ मानेचा. त्यांचं ते वाक्यही बदललं होतं. "आदी ओळंब्याला विचारायचं, मग डोळ्याला कळवायचं" असं आता ते म्हणत. गड्यांना जुनंच वाक्य आवडायचं.

आणि ते पोरं आणायला लागले. आपल्या गावातलं, कामावरच्या बायकांचं, ओळखीचं-बिनओळखीचं, कुठलंही पोर मान टाकून किंवा डोळे बारीक करून बघताना दिसलं की त्याच्या आईशी वाद घालून त्याला माझ्याकडे घेऊन यायचे. दहांतल्या सहा पोरांना काहीच झालेलं नसे. "बरं झालं की मग," म्हणायचे आणि पोराला बाजारातून भजी घेऊन द्यायचे. त्यांच्यामुळे लहान मुलं तपासायची माझी अशी ख्याती झाली, की बाई डोळे तपासते म्हणून दारातून परत जाणारं गिऱ्हाईक कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

ऐंशीनंतर चार-पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या नातीला आणलं. रूपा, पाच वर्षांची. ती मान उजवीकडे टाकून बघायची, आणि सगळं गाव कौतुकानं म्हणायचं, पोरगी आज्जाचा डोळा घेऊन आलीय. मेस्त्रींना त्या कौतुकाची धडकी भरली होती. मी रूपाला चक्रापुढे बसवलं आणि म्हटलं, ज्या रेघा पुसट दिसतात त्यांच्यावर बोट ठेव. तिनं उठून बरोबर साडेदहाच्या रेघेवर बोट ठेवलं.

मेस्त्री बाकावर बसले. "बाकी काय दिलो न्हाई तिला," ते म्हणाले. "ह्ये दिलो."

"पाचच वर्षांची आहे मेस्त्री," मी म्हटलं. "तुम्ही पंचावन्नाव्या वर्षी आलात. डोकं अजून कच्चं आहे तिचं, शिकवलं तर शिकेल." आणि ह्या वेळी मी सगळं सांगितलं. रूपाला दुकानात चार फेऱ्या मारायला लावल्या, पायरी चढ-उतर करायला लावली. खरं तर मला सांगावंच लागलं नाही. मी तोंड उघडायच्या आत मेस्त्रीच तिच्यासमोर उकिडवे बसून सांगत होते, "भुई कलंल, भ्यायाचं न्हाई. भुई पडत नस्ती. पंधरा दिसात बसती जाग्यावर. मला ठाव हाय."

वर्षभरानं ते दोघं परत आले. मेस्त्री फार वाळले होते, धाप लागत होती, पण पटका तसाच सैल. रूपाच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती, म्हणजे चष्मा खरोखर वापरात होता. मी तिला चक्रापुढे उभी केली. ती ताठ मानेनं उभी राहिली.

"कुठली रेघ पुसट आहे?"

तिनं नीट बघितलं. एका बाजूनं सुरू करून सगळं चक्र फिरून आली. "कुठलीच न्हाई."

"साडेधाची बघ," मेस्त्री म्हणाले. "नीट बघ गं."

"ती बी काळीच हाय की आज्जा."

"दीडच्या येवढी?"

"तेवढीच."

मेस्त्री उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी आपला चष्मा काढला, खूप वर्षांनी मान उजव्या खांद्यावर टाकली, डोळे बारीक केले आणि चक्राकडे बघितलं. मग मान सरळ केली, चष्मा लावला आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "झ्याक," एवढंच म्हणाले.

मी काडी दुरुस्त करून दिली. ते निघाले. तिचा हात धरून दारात आले, आणि पायरीवर त्यांनी माझ्याकडे वळून बघत, चष्म्याच्या पहिल्या दिवशीसारखा पाय उचलला, ओढा ओलांडावा तसा, उंच. मी हसले. रूपा हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत गंभीरपणे म्हणाली, "आज्जा, पायरी येवढी उंच न्हाई."

"ठाव हाय गं," मेस्त्री म्हणाले. "मीच बांधलोय ती."